लाऊबाईंचं राहून गेलेलं डुक्कर

माझ्या कपाटातल्या पैठणीला भाजलेल्या बदकाचा वास येतो, आणि त्याला जबाबदार आहेत लाऊबाई. सॅन फ्रान्सिस्कोत मी ज्या घरात भाड्याने राहते, त्याच्या खालीच त्यांचं दुकान आहे. पुढच्या काचेमागे आकड्यांना बदकं लटकतात, मागे भट्टीवर मिस्टर लाऊ असतात, आणि काउंटरवर लाकडी ठोकळ्यावर दणादण सुरा चालवत लाऊबाई. मी जन्माची शाकाहारी. तरी लॅबमधून परतले की आधी तिथेच डोकावते, कारण उशीर झाला तर 'कुठे होतीस' असं दरडावून विचारणारी या शहरात ती एकच बाई आहे.

त्यांच्या चिनी लोकांत एक रीत आहे. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी नवरी नवऱ्याला घेऊन माहेरी येते, आणि येताना सासरच्यांनी दिलेलं अख्खं भाजलेलं डुक्कर आणते. तुमची लेक आम्हाला पसंत पडली, असा त्याचा अर्थ. गल्लीतल्या कितीतरी लेकींची डुकरं लाऊबाईंच्याच भट्टीतून गेली. वर लाल कागद त्या स्वतः लावायच्या, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत.

त्यांच्या स्वतःच्या लेकीचं, विनीचं डुक्कर मात्र आलं नाही. विनीचा नवरा सौमित्र हा माझी नागपूरची मैत्रीण नंदा हिचा मुलगा. नंदा अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाला, श्रूजबरीला असते आणि तिच्या स्वयंपाकघरात लसूणसुद्धा चोरपावलांनी येतो. शिकायला म्हणून तिचा लेक माझ्याकडे राहिला, आणि माझ्या नाकाखाली रोज खाली जाऊन बदक हादडत होता. कापून द्यायला विनी. व्हायचं ते झालं. लग्न श्रूजबरीला लागलं. लाऊ नवरा-बायको दुकान बंद ठेवून गेले, फोटोत हसले आणि परत आले. मुलांना तिकडेच लगेच ऑफिस होतं, त्यामुळे तिसरा दिवस नुसताच उजाडला आणि मावळला.

तेव्हापासून फोनवर लाऊबाईंचं एकच पालुपद: डुक्कर कधी? विनीचं कँटोनीज तोडकं, बाईंचं इंग्रजी मोडकं. दोघी वैतागून फोन ठेवायच्या. शेवटी बाई माझ्या मागे लागल्या.

"यू टॉक टू हिज मदर. सेम लँग्वेज!"

मी नंदाला फोन लावला.

"डुक्कर?" नंदा किंचाळलीच. "रेणू, शुद्धीवर आहेस ना? आम्ही डुक्कर पाठवायचं? सासूबाई अंथरूण धरतील माझ्या!"

"मानाचं असतं गं ते. विहिणीचा मान ठेवायला नको?"

"ठेवते ना. पण माझ्या पद्धतीने ठेवते."

नंदा शब्दाला पक्की. पुढच्याच आठवड्यात कुरियर आलं. भलंमोठं खोकं, त्यात अनारसे, बेसनाचे लाडू, चकल्या, साडी आणि खण. मी नेमकी दुकानातच होते. लाऊबाईंनी सही केली, अ‍ॅप्रनला हात पुसले, आणि खोक्याकडे ढुंकूनही न बघता थेट दाराशी गेल्या. फुटपाथवर डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कुरियरची गाडी निघून गेली तरी त्या तिथेच उभ्या होत्या. मग आत आल्या आणि मला म्हणाल्या, "विनी?"

मला भडभडून आलं. अहो, डुक्कर काय किंवा लाडू काय, लेकीबरोबर आलं तर त्याला अर्थ! नंदा आणि मी, माहेरच्या नुसत्या आठवणीने डोळ्यांत पाणी येणाऱ्या बायका. आणि आम्ही वाद घातला तो मांसाहारावर.

मी तिथल्या तिथे विनीला फोन लावला.

"हाय आँटी! मॉमला लाडू आवडले?"

"लाडू राहू देत," मी इंग्रजीत म्हटलं. "विनी, तुझ्या आईला तू हवी आहेस. तुला या दारातून आत येताना बघायचंय तिला. बाकी काही नकोय."

 मग विनीचा आवाज अगदी बारीक झाला. "ती सारखी पिग मागत होती, आँटी. मला वाटलं, सौमित्रच्या घरच्यांवर चिडलीये. हे तिने कधी सांगितलंच नाही."

"व्हॉट शी से?" लाऊबाई माझी बाही ओढत होत्या.

मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी कानाशी धरला. पलीकडून नुसतं नाक ओढल्याचं ऐकू येत होतं. तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं आत शिरली आणि बदक मागायला लागली. मी काउंटरमागे जाऊन उभी राहिले, आणि जरा थांबा म्हणून त्यांना हातानेच खुणावलं.