सातांपैकी सात

विनायक गेल्याचा मेसेज त्याच्या बायकोने, सुनीतावहिनींनी पाठवला तेव्हा माझा फोन कंपनीच्या लॉकरमध्ये होता. चहाच्या सुट्टीत मी सवयीने, न वाचताच, सगळ्यांना अंगठे पाठवले. त्यांनाही. असल्या चुका निस्तरायला आजवर विनायकच असायचा...

औषधांच्या कारखान्यात आम्ही बारा वर्षं शेजारी बसलो. माणूस मूळचा नागपूरचा, पण आयर्लंडमधल्या पोर्टलीशला आला आणि या लीश काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, प्रेमातच पडला. रविवारी मला गाडीत घालून टेकड्या आणि पडके किल्ले दाखवायचा. ही पूर्वी राणीच्या नावाची काउंटी होती, हे मला निदान वीसदा ऐकवलं असेल. "हिला समुद्र नाही, आणि शेजारच्या एकाही काउंटीला नाही. अशी अख्ख्या आयर्लंडमध्ये ही एकच." मी म्हणालो, "नागपूरकराला बरोबर हीच सापडली." तो म्हणाला, "गप बे."

मग तो काउंटी कौन्सिलच्या निवडणुकीला उभा राहिला. शाळेच्या रस्त्याला फूटपाथ हवा, हा एकच ध्यास. नागरिकत्व नसलं तरी इथे राहणाऱ्याला कौन्सिलसाठी मत असतं, हे त्यानेच आम्हाला सांगितलं. मत द्यायचं कसं, हे मात्र मी विचारलं नाही. मतपत्रिकेवर नावांपुढे आकडे लिहायचे असतात. उमेदवार सात. मी जन्मभर मार्कांवर वाढलेला. विनायकला सात आणि बाकीच्यांना त्याहून कमी-कमी देऊन आलो. वर चार मराठी घरांना फोन केले, "सातांपैकी सात द्या, कंजुषी नको." संध्याकाळी लेक म्हणाली, "डॅड, वन इज द बेस्ट. यू पुट हिम लास्ट, लाइक."

विनायक थोडक्यात पडला. मतमोजणीत उमेदवारांना कठड्याशी उभं राहून मतपत्रिका दिसतात, आणि पोटात रेघ मारलेला माझा सात तो कंपनीच्या कागदांवर रोज वाचत होता. मला एवढंच म्हणाला, "काही मतं कळलीच नाहीत रे." मी चहा ओतत राहिलो. मित्रानेच आपल्याला शेवटी टाकलं, असं समजून तो गेला की काय... हे आता कुणाला विचारणार?

गेल्या आठवड्यात वहिनींनी त्याची खोली आवरायला बोलावलं. कपाटात, काउंटीच्या नकाशांखाली, मराठी पत्रकांचा गठ्ठा निघाला. त्यानंतरच्या निवडणुकीचा, तिला तर तो उभाही नव्हता. "आवडत्या उमेदवारापुढे १ लिहा. मार्क देऊ नका."

"ही वाटली कधी?" मी विचारलं.

"घरोघरी स्वतः जाऊन वाटली," वहिनी म्हणाल्या. "फक्त तुमच्याकडे द्यायची नाहीत, असं मला बजावलं होतं. म्हणाले, त्याला उगाच लाज वाटेल."