बाईंनी अंगावर घेतलेला आळ

गायकवाड बाई गेल्याचं त्यांच्या मुलीने, प्रज्ञाने, फोनवर कळवलं तेव्हा मी शाळेत खिचडीच्या रांगेपाशी उभी होते. “आई सकाळी गेली,” एवढंच ती म्हणाली. पुण्यानुमोदनाला, म्हणजे शोकसभेला, विश्रांतवाडीत त्यांच्या घरापुढचा मांडव माणसांनी भरला होता. शाळेत न येणाऱ्या मुलांना घराघरातून शोधून आणणाऱ्या बाई म्हणून लोक भरभरून बोलले. मलाही बोलायला सांगितलं. मी दोन बरी वाक्यं बोलले आणि खाली बसले. जे सांगायला हवं होतं, ते तसंच राहिलं... ते आज लिहिते आहे.

मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा शिक्षणसेवक होते, म्हणजे तीन वर्षांच्या करारावर. नोकरी कायम होईल की नाही याची धास्ती रोजची. आमची शाळा बिबवेवाडीच्या अलीकडे, मार्केट यार्डापासून चालत जाण्याच्या अंतरावर. शहरात तेव्हा काचेच्या इमारती उठत होत्या, आमच्याच शिक्षकांची मुलं कॉम्प्युटरचे क्लास लावत होती, आणि आमच्या वर्गातले निम्मे बाक रिकामे असत. त्या वर्षी महापालिकेने गळती थांबवण्याची मोहीम काढली. गैरहजर मुलांच्या घरी जायचं, पालकांशी बोलायचं, मूल वर्गात आणून बसवायचं. बाईंना हे काम कुणी सांगायला नको होतं. त्या आधीपासून करतच होत्या. मोहिमेमुळे एवढंच झालं, की त्यांच्यासोबत मला पाठवलं गेलं.

सविता तिसरीतली. दिवाळीनंतर ती आलीच नव्हती. ती आम्हाला यार्डात सापडली, कांद्याच्या ढिगाशेजारी, कडेवर दीड वर्षाची बहीण घेऊन. आई, राधाबाई, परभणीकडून आलेली; दिवसभर कांदा निवडायची. हात न थांबवता ती म्हणाली, “शाळंला धाडते की. पर पिंकीला कोण बघंल? हितं गाड्या हायेत.” बाई तिच्याजवळ उकिडव्या बसल्या. म्हणाल्या, पिंकीलाही पाठव, वर्गात बसेल, मी बघते. राधाबाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि मान हलवली. बाईंवर तिने विश्वास टाकला होता, शाळेवर नाही. हे मला तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सविता आली. केस तेल लावून चापून बांधलेले, कडेवर पिंकी. बाई त्या सकाळी दुसऱ्या शाळेत बैठकीला गेल्या होत्या. आमच्याकडे तपासणीला साहेब यायचे होते, आणि फाटकावर मी होते. पिंकीचं नाक वाहत होतं, ती रडत होती. मला डोळ्यांपुढे साहेब दिसले, माझा करार दिसला... मी सविताला म्हटलं, “हिला आईकडे ठेवून ये, वर्गात लहान मुलं चालत नाहीत.” ती पळत गेली आणि घंटेच्या आत पळतच परत आली. त्यानंतर ती रोज एकटी येऊ लागली. बाईंनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, की तिची आईच पिंकीला सांभाळते म्हणाली. ते खोटं होतं. सविता पाढे फार चटकन शिकायची. मला वाटलं, झालं की सगळं नीट.

तिसऱ्या आठवड्यात यार्डात एक टेम्पो मागे येताना पिंकी चाकाखाली गेली.

चार दिवसांनी राधाबाई शाळेत आली. मागे सविता. राधाबाई रडत नव्हती. शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहून तिने विचारलं, “पिंकीला हितं न्हाई चालत, आसं कोण म्हनलं हिला?” सविता माझ्याकडे बघत होती. बोट दाखवलं नाही, नुसती बघत होती. बाईंनी तिची नजर पाहिली, मग माझा चेहरा पाहिला. त्या खुर्चीवरून उठल्या.

“मी म्हणाले,” बाई म्हणाल्या.

राधाबाई हळू आवाजात म्हणाली, “भरली का हजेरी तुमची?” आणि मुलीचा हात धरून निघून गेली.

त्या संध्याकाळी बसथांब्यापर्यंत मी रडत त्यांच्या मागून चालले. खरं सांगायला राधाबाईकडे जाते, असं म्हटलं. त्या वळल्या नाहीत. म्हणाल्या, “तुला अजून तीस वर्षं शिकवायचंय. मला सहा. आता गप्प चाल.” मी गेले नाही. त्यांनी अडवलं म्हणून नव्हे, हेही लिहायला हवं. मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी मोडक्या बाकांची खोली रिकामी केली आणि धाकट्या भावंडांना घेऊन येणाऱ्या मुलींसाठी उघडली. मुख्याध्यापकांनी विचारलं, परवानगी कुणाची? बाई म्हणाल्या, “आपण लेखी नाही म्हणा, मी बंद करते.” त्यांनी कधीच लिहून दिलं नाही. खोली चालू राहिली, मुली येऊ लागल्या, मोहिमेच्या समारंभात आमच्या शाळेचं कौतुक झालं. बाई त्या समारंभाला गेल्या नाहीत. त्या दर सोमवारी यार्डात जायच्या. राधाबाई पाठ फिरवायची; बाई थोडा वेळ उभ्या राहायच्या आणि परतायच्या. एका सोमवारी त्या जागी दुसरंच कुटुंब कांदा निवडत होतं. कुणी म्हणालं, वीटभट्टीवर गेले. कुठल्या, ते कुणालाच माहीत नव्हतं.

वर्ष संपताना पटावरून सविताचं नाव कमी करावं लागणार होतं. बाईंनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. “हे तू कर. मी करणार नाही.” मला त्यांनी दिलेली शिक्षा एवढीच. त्यावर पुढे त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्या लग्नात, मी कायम झाले तेव्हा, मुख्याध्यापिका झाले तेव्हाही नाही.

परवा मी प्रज्ञाकडे जाऊन सगळं सांगितलं. ती आयटी कंपनीत आहे. खरं काय घडलं ते तिला माहीत नव्हतं. शेवटी म्हणाली, “आईने आम्हालाही तेच सांगितलं होतं. की तिनेच परत पाठवलं.” ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती उठून चहा ठेवायला गेली.

निवृत्तीनंतर बाईंनी घराच्या पुढच्या खोलीत आसपासच्या ऑफिसांत साफसफाईला जाणाऱ्या बायकांची तान्ही मुलं सांभाळली, शेवटच्या आजारापर्यंत. मुलं रस्त्यावर जाऊ नयेत म्हणून दाराला गुडघ्याएवढी आडवी फळी ठोकून घेतली होती. फळी अजून तिथेच आहे. प्रज्ञा हातात चहाचे कप घेऊन आतून आली आणि म्हणाली, बाहेर वाऱ्याला बसू. त्या घरात आता लहान मूल नाही. तरी फळीवरून पाय टाकल्यावर ती थांबली, मागे वळून खोलीभर नजर फिरवली, आणि मगच ओट्यावर येऊन बसली.