भरलेले डबे

सांडू दाभाडे एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. पैठण, सोयगाव, मधूनच कुठं मुक्कामी गाडी. घरी यायची वेळ कधी ठरलेली नसायची, म्हणून मुकुंदवाडीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत बायकोनं, मनकर्णाबाईंनी, स्वयंपाकाची आपली एक रीत बसवली होती. रवा, बेसन, शेंगदाण्याचं कूट, सांडगे, लसणाची चटणी असं सगळं फळीवर कायम तयार. आणि येसर. गहू, डाळी न् मसाले भाजून दळलेलं ते पीठ पाण्यात कालवून फोडणीत ओतलं की झाली आमटी. सांडू हातपाय धुऊन येईस्तोवर ताट वाढलेलं असायचं. वेळ सांगून येत जा, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. शेजारच्या रूपाबाईंनी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "गाडी कधी येईल ते डेपोला ठावं नाय, मला काय इचारती?"

जानेवारीत मनकर्णाबाई गेल्या. मुलगी मोनाली पुण्याला नर्स आहे. ती निघताना म्हणाली, "पप्पा, रोज रात्री घरी शिजवून खाता का, ते मला दिसलं पायजे. नाय तर सामान बांधा न् माझ्याकडं चला."

सांडूंना जायचं नव्हतं. मोनालीच्या घरात त्यांना काही कमी पडलं नसतं. पण तिथं चौथ्या मजल्यावर बसून खाली पाहत राहायचं, हे त्यांच्यानं होणार नव्हतं. ते औरंगपुऱ्याच्या बाजारात गेले आणि मनकर्णाबाईंच्या फळीवर असायचं ते सगळं किलो-किलोनं घेऊन आले. येसर रूपाबाईंनी दळून दिलं. दर रविवारी डब्यांची झाकणं काढून, ओळीत मांडून ते फोटो काढायचे आणि मोनालीला पाठवायचे. गाडी काढण्याआधी टायर ठोकून पाहायची सवय होती, तसे डबेही बोटानं वाजवून पाहायचे. एकही डबा पोकळ वाजत नव्हता.

संध्याकाळी सात वाजता भूक लागायची. पण बाहेरून कुणी यायचं राहिलेलं नव्हतं. ज्याच्यासाठी या घरात घाईनं चूल पेटायची, तो माणूस पाच वाजल्यापासून खुर्चीतच बसून होता. मग ते चपला घालून कोपऱ्यावर जायचे. चहा, खारी, कधी भजी.

मे महिन्यात एका बुधवारी संध्याकाळी मोनाली न कळवता आली. पिशवी ठेवली, पाणी प्यायली आणि सरळ फळीपाशी गेली.

"लई भूक लागली पप्पा. उपमा करते."

रव्याच्या डब्याचं झाकण निघालं तसं सांडू खुर्चीतून उठले. रवा वरून बरा दिसत होता, पण आत जाळी लागली होती. बेसनात खाली किडे फिरत होते. शेंगदाण्याच्या कुटाला खवट वास सुटला होता.

"उन्हाळा हाय," सांडू म्हणाले.

"व्हय. उन्हाळा मलाबी ठावं हाय." मोनालीनं डबा खाली ठेवला. "तीन महिने फोटो बघते मी. पहिल्या रविवारी जेवढं, तेवढंच परवाच्या रविवारी. ज्या पेशंटचं ताट रोज भरलेलं परत येतं ना, त्याला आम्ही आधी तपासतो. काय खाता तुम्ही?"

"चहा. खारी."

"आन् मला सांगता, आमटी केली."

ती आता कपाट उघडून आपले कपडे पिशवीत भरणार, असं सांडूंना वाटलं. पण ती पाटावर बसली.

"काय तरी द्या. सकाळपासून डब्यातल्या दोन पोळ्यांवर हाये."

भाजलेलं असल्यानं येसर टिकलं होतं. तांदूळही बरे होते. सांडूंनी भात लावला, लसूण ठेचला, फोडणी दिली, पाणी ओतलं. पाणी उकळल्यावर मूठभर येसर तसंच वरून टाकलं. त्याच्या गुठळ्या झाल्या.

"आधी गार पाण्यात कालवायचं असतं," मोनाली जागेवरूनच म्हणाली. पळी मात्र तिनं त्यांच्या हातातून घेतली नाही.

सांडू एकेक गुठळी पातेल्याच्या कडेला दाबून फोडत राहिले. बराच वेळ गेला. मोनालीनं दोनदा आमटी घेतली. समोर बसून सांडूंनीही भात संपवला आणि पुन्हा थोडा घेतला.

"मम्मीसारखी नाय," ती म्हणाली.

"नाय."

"पण खाता येती."

सकाळी निघण्याआधी तिनं खराब झालेलं सगळं गोणीत भरून बाहेर ठेवलं. पुण्याचं काय, हे सांडूंना विचारायचं होतं. रिक्षात बसल्यावर ती आपणच म्हणाली, "आता रविवारी न् बुधवारी, दोनदा फोटो. डब्यातलं कमी झालेलं दिसलं पायजे. महिनाभर बघते, मग ठरवू."

दुपारी सांडू औरंगपुऱ्यात गेले. रवा पाव किलो, बेसन पाव किलो, शेंगदाणे पाव किलो.

"काय ड्रायव्हरसाब, इतकंच?" दुकानातले मोतीराम तागडीवरून म्हणाले. "मागं तर पोतं भरून नेलं होतं. घरी कुणी खायला नाय का?"

"हाय की," सांडू म्हणाले. "एकजण हाय. शनिवारी परत न्यायला येतो मी."