पत्ते कलदारात बोलतात

शुद्धलेखनाची आणि अक्षराची आधीच माफी मागते. ही वही कुणाला दाखवायची नाही, तेव्हा माफी कुणाची मागते ते मलाही ठाऊक नाही. पण न मागता पुढं लिहवत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही सोलापूरला मामांकडं राहून. वेलांट्या माझ्या तेव्हापासूनच मनाला येतील तिकडं पडतात.

मामांच्या शेजारी गिरणीतल्या जॉबरची, म्हणजे मुकादमाची, बायको पत्त्यांवरून भविष्य सांगायची. तिनं मला शिकवलं. बदाम म्हणजे माया, चौकट म्हणजे पैसा, किलवर म्हणजे प्रवास आणि इस्पिक म्हणजे संकट. सात पानं मांडायची, मधलं पान विचारणाऱ्याचं. पुढं लग्न होऊन मी तुळजापूरजवळच्या खेड्यात, निजामाच्या मुलखात आले, तेव्हा पत्त्यांचा एक जोड माझ्या ट्रंकेत लुगड्यांखाली होता.

खरं तर भविष्य सांगणाऱ्या माणसाला तोंड पाहिजे. मला परक्यापुढं शब्द फुटत नाही. पण जावेनं एका दुपारी मला एकटीला पानं मांडताना पाहिलं, आणि दिवे लागायच्या आत ते गावभर झालं. बायका येऊ लागल्या. मी मान खाली घालून पानं मांडायची आणि "येईल", "जमंल", "थांबा जरा" एवढंच बोलायची. मी कमी बोलते म्हणून त्यांना वाटायचं, हिला लई कळतंय. मला पुढचं वाक्य सुचत नसायचं.

एकीला इस्पिकचा एक्का निघाला आणि त्याच आठवड्यात तिची म्हैस आटली. ती आमच्या ओट्यावर बसून रडली. सासूबाईंनी त्याच दिवशी जोडातली सगळी इस्पिकं वेचून तिखटाच्या डब्यात टाकली.

"आपल्या दारातनं कुणी रडत जायचं न्हाय," म्हणाल्या.

तेव्हापासून आमच्याकडं सगळ्यांचं चांगलंच निघू लागलं. गर्दी वाढली.

बांगड्या भरणारी चाची आमच्याच आळीतली. ती माल सोलापूरहून आणायची. आमच्याकडं निजामाचा हाली रुपया चालायचा आणि सरहद्दीच्या नाक्यापलीकडं इंग्रजांचा कलदार. कलदार भारी, दहा कलदार घ्यायचे तर सावकार पावणेबारा हाली मोजून घ्यायचा, वरचे पावणेदोन बट्टा. चाचीनं मालासाठी जपलेले दहा कलदार पाटलीणबाईंनी लेकीच्या बाळंतपणाला म्हणून नेले होते. बाळ रांगायला लागलं तरी पैसे परत आले नव्हते. नवरात्र तोंडावर आलं होतं. नवरात्रात तुळजापुरात बसून चाची वर्षाची कमाई करायची. मालच नसला तर बसून काय करणार? आणि पाटलीणबाईंकडं पैसे मागायची छाती गावात कुणाची नव्हती. खुद्द पाटील दुसरा चहा मागायचा तर आधी दोनदा खाकरायचे.

"बेटी, बघ गं," चाची म्हणाली. "माझे पैसे येतात का बुडतात?"

मधलं पान चौकटची दश्शी निघालं. "येतील," मी म्हणाले. "पुरे दहा."

"कधी?"

"नवरात्राच्या आत."

हे कुठल्याच पानावर नव्हतं. चाचीच्या तोंडाकडं बघून माझ्या तोंडून निघून गेलं. एवढी वर्षं पानं मांडून मला एवढंच कळलं आहे, की निम्मं भविष्य समोरच्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं आणि उरलेलं आपल्याला भीड पडते म्हणून आपण बोलतो.

ते पाटलीणबाईंच्या कानावर जाणारच होतं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः आल्या आणि ओट्यावर ऐसपैस बसल्या.

"तुमच्याकडं म्हणं सगळ्यांचं गोडच निघतं," त्या सासूबाईंना म्हणाल्या. "इस्पिकं कुठं हायती?"

"तिखटात," सासूबाई म्हणाल्या.

"आणा. मला पुरा जोड पायजे. मी काय लेकरू हाय, गोड ऐकायला?"

सासूबाईंनी डबा आणला. इस्पिकं लालभडक झाली होती. मी ती पदरानं पुसली, जोडात मिसळली, पिसली, आणि तिखट उडालं. आधी जाऊ शिंकली, मग सासूबाई, मग मी. पाटलीणबाई शिंकल्या नाहीत, पण त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पाटलीणबाईंच्या डोळ्यांत पाणी गावानं तोवर पाहिलं नव्हतं. समोरच्या ओट्यावरच्या बायका धान्य निवडणं सोडून उभ्या राहिल्या.

मधे चौकटची दश्शी, आणि तिच्या दोन्ही अंगाला इस्पिक.

"काय म्हणतंय?" पाटलीणबाईंनी डोळे पुसत विचारलं. पानं काटताना त्यांच्याही हाताला तिखट लागलं होतं, पाणी आणखी वाढलं.

मी हळूच सांगणार होते, पण शिंक आली आणि तिच्याबरोबर आवाज मोठ्यानं बाहेर पडला. "कुणाचा तरी पैसा तुमच्या घरात अडकलाय."

पाटलीणबाई उठून गेल्या. दारातून रडत गेल्या, हे सासूबाईंना बरेच दिवस लागून राहिलं.

संध्याकाळी चाचीकडं दहा रुपये पोचले. चाची ते मुठीत घेऊन आमच्याकडं आली.

"आले की पुरे दहा," जाऊ म्हणाली.

"हाली हायत बेटी. सोलापूरचा व्यापारी हाली घेऊन माल कमीच देणार. मी दिले होते कलदार."

मग ओट्यावर वाद सुरू झाला. भविष्य खरं झालं का खोटं? एक म्हणाली, दहा म्हणजे दहा. दुसरी म्हणाली, पानं निजामाच्या मुलखात मांडली, मग हालीच येणार. मी खांबाआड उभी होते. मला कुणी विचारलं नाही, आणि ते बरंच झालं.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, "पत्ते सोलापूरचे. ते कलदारातच बोलणार. आन पुरं फिटस्तवर इस्पिक काय हलायचं न्हाय त्या घरातनं."

हे त्या जरा मोठ्यानंच म्हणाल्या.

दोन दिवसांनी चाची माझ्या हातात बांगड्या भरत होती. पाटलीणबाई आल्या, शेजारी बसल्या आणि उजवा हात पुढं केला. "मलाबी भरा."

"हात ढिल्ला सोडा, बाई," चाची म्हणाली. "मूठ वळली तर बांगडी चढंल कशी? फुटंल की."

पाटलीणबाईंनी मूठ उघडली. आत पावणेदोन रुपये होते.

"बट्ट्याचे," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून, "आता तुझ्या पत्त्यांना म्हणावं, गप बसा."

चाचीनं पैसे मोजले, परत एकदा मोजले आणि कनवटीला लावले.

"पुरे फिटले," ती म्हणाली, आणि त्यांचा हात चोळायला लागली.