परवाकाकांचा संघ

काकांच्या आयुष्यात जे जे होऊन गेलं, ते सगळं परवा झालं होतं. लग्न परवा, मुलीचा जन्म परवा, आणि त्यांचे आजोबा नांदेडकडची शेती सोडून हैदराबादच्या नारायणगुड्यात आले तेही परवाच! हैदराबादी बोलीत 'परसों' म्हणजे कालच्या मागचा कुठलाही दिवस. काकांनी तो अर्थ जसाच्या तसा मराठीत आणला होता. मी पुण्याची, शब्दाचा कीस काढणारी. पहिल्याच आठवड्यात मी त्यांचं नाव परवाकाका ठेवलं. "हौ, ठेवा की," ते म्हणाले. "नावं ठेवायला पुणेकरच पाहिजेत."

काका आमच्या नव्या व्यावसायिक बास्केटबॉल संघाचे मॅनेजर, मी फिजिओ. दसऱ्यापर्यंत बारा चांगले खेळाडू जमले नाहीत, तर संघ दुसऱ्या शहरात नेणार, असं मालकांनी बजावलं होतं. आणि इथे यायला कुणी तयार नव्हतं. पोरं चेन्नईला जातील, पंजाबात राहतील, हैदराबादचं नाव काढलं की म्हणत, "तिथे क्रिकेट आणि बॅडमिंटन सोडून बघतं कोण?" काकांच्या ते फार जिव्हारी लागायचं. इथल्याच शाळेच्या मातीच्या मैदानावर ते खेळ शिकले होते. संघ जाणं म्हणजे त्यांना घरातलं माणूस जाण्यासारखं होतं.

पण चिडायचे नाहीत. खेळाडूला फोनवर आधी उंची विचारायचे आणि दिलसुखनगरच्या सुताराला तेवढा पलंग करायला सांगायचे. चादरी सुलतान बाजारातून, दोन-दोन जोडून शिवलेल्या. "उंच माणसाला गाव नंतर कळतं, डॉक्टरबाई. आधी पलंग कळतो." मी हसायचे. पण पाय पसरून झोपायला मिळालं म्हणून दोघे-तिघे खरंच टिकले. असं करत करत अकरा झाले.

बारावा गुरनूर, लुधियानाचा, पावणेसात फुटांचा. काका त्याला फोनवर म्हणाले, "हिंदुस्तान का कॅप्टन परसोंइच हमारे यहाँ खेल के गया, मियाँ!" बिचारा पहिल्या गाडीनं आला. चौथ्या दिवशी त्यानं मैदानाच्या राखणदाराकडे चौकशी केली, तेव्हा कळलं की त्या सामन्याला वीस वर्षं झाली. गुरनूर बॅग भरूनच ऑफिसात आला. "झूठ बोल के बुलाया मुझे."

दसरा आठ दिवसांवर! मला वाटलं, काका आता सारवासारव करणार. त्यांनी उठून त्याला खुर्ची दिली.

"झूट नै बोला, मियाँ. हमारा परसों जरा लंबा रहता. मगर तुम मेरी बात पे आए, तो गलती मेरी. टिकट मैं निकालतूं. बस, जाते-जाते सच बोल के जाओ, यहाँ क्या-क्या कम है? अगलेवाले को पहलेइच बता देतूं."

आणि खरोखर वही उघडून बसले! गुरनूर सांगत सुटला. कोर्टची फरशी एका कोपऱ्यात घसरते. मेसचं दही आंबट. सराव सामन्याला टाळ्या वाजवायला चाळीस माणसं नसतात. काका "हौ, हौ" करत लिहीत राहिले, एकदाही 'पण' म्हणाले नाहीत. मी असते तर दह्यावरून तरी भांडलेच असते. शेवटी गुरनूरच थकला. चार शहरांत खेळलो, म्हणाला, असं मला कुणी विचारलं नाही. बॅग तिथेच टाकून तो सरावाला गेला. काकांनी वही मिटली आणि मला चहा सांगायला लावला.

संघ राहिला. काका गेल्या वर्षी निवृत्त होऊन मुलीकडे सोलापूरला गेले. निरोप देताना मी इतकी रडले, की काकूंनी मलाच दटावलं. त्यांच्याशिवाय ऑफिसात अजून करमत नाही, हे खरं.

मागच्या महिन्यात केरळचा एक खेळाडू मला फोनवर यायला नाही म्हणत होता. गुरनूर आता आमचा कॅप्टन. त्यानं माझ्या हातातून फोन घेतला. "सुन भाई, हमारे यहाँ फर्श फिसलता है. दही खट्टा है. देखने भी कोई खास नहीं आता. सोच के आना." मी कपाळावर हात मारून घेतला. पोरगा दोन दिवसांनी आला!

मी लगेच सोलापूरला फोन लावून काकांना सगळं शब्दन् शब्द सांगितलं. पोरगा आला, हे ऐकून खूश होतील असं वाटलं होतं. त्याबद्दल ते काही बोललेच नाहीत. त्यांनी आत काकूंना हाक मारली, "अगं, ऐकलंस का? आपला गुरनूर 'हमारे यहाँ' म्हणाला!"