आक्काची एकच टेप
माळ्यावरच्या टेप रेकॉर्डरमधल्या गळक्या सेलचा वास आला आणि थोरल्या बहिणीचे, आक्काचे, प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरमधले शेवटचे गाणे आठवले. ते टेप करायला रेकॉर्डर घेताना गुजराती दुकानदार म्हणाला होता, “साहेब, आ लो ने, हाच घ्या! लहान-मोठा आवाज आपोआप सारखा करतो. तुम्ही मजेत ऐका!” दुसऱ्या रेकॉर्डरवर आवाजाची पातळी सतत हाताने सांभाळावी लागली असती, आणि मला तर समोर बसून दाद द्यायची होती. मी सोपा घेतला. टेपवर तिचा कुजबुजता खर्ज आणि वरच्या षड्जाची हाक एकाच मापाची झाली. ती श्वासाला थांबली की पंखाही तेवढ्याच मोठ्याने घरघरे. परवा आईचे गाणे न आठवणारी भाची ती टेप ऐकून म्हणाली, “मामा, आई अशी सपाटच गायची?” चूक माझ्या निवडीची, हे मी तिला अखेर सांगितले. “मग खरी कशी गायची?” तिने विचारले. मला गाता येत नाही.