शनिवारची पावती

बातमी आली तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होतो. मोशीच्या पुढे नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती. दत्ता मोरेंच्या मुलाचा फोन… "काका, बाबा गेले." मी तिथेच उतरलो, रस्ता ओलांडला आणि रहाटणीला त्यांच्या घरी जायला रिक्षा शोधत उभा राहिलो. आजार लांबला होता, त्यामुळे धक्का असा बसला नाही. फक्त फार थकल्यासारखं वाटलं. आता काही आठवडे झाले, तो थकवा अजून उतरलेला नाही.

मोरे मूळचे उदगीरचे. चाकणजवळच्या आमच्या सुट्या भागांच्या कंपनीत ते डेटाबेस सांभाळायचे. कोणता माल आला, कुठे ठेवला, कोणत्या गाडीने गेला, हे सगळं त्यांच्या ताब्यात. मी शेजारी बसून प्रोग्रॅम लिहायचो. जुन्या नोंदी काढून टाकायची वेळ आली की ते माझा हात थांबवायचे. "ज्या अटीवर नोंदी पुसणार, त्याच अटीत बसणाऱ्या ओळी आधी नुसत्या समोर मागवा. वाचा. मग पुसा." मी कुरकुरलो की म्हणायचे, "दम धरा की राव, डेटा कुठं पळून चाललाय का?"

बॅकअप झाल्याचा हिरवा संदेश रोज सकाळी यायचा. मोरेंचं तेवढ्यावर समाधान होत नसे. शनिवारी दुपारी ते आदल्या रात्रीची प्रत एका जुन्या, वेगळ्या मशीनवर उभी करत, म्हणजे ती खरंच उघडून बघत, आणि स्टोअरमधल्या वैशालीताईंना फोन लावत. "ताई, काल आलेल्या मालाची एक पावती सांगा. कुठलीबी." ताई मुद्दाम अडनिडी पावती काढून तिचा नंबर सांगायच्या आणि मोरे ती त्या प्रतीत शोधायचे. फोन स्पीकरवर असायचा, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू यायचं.

"मोरेसाहेब, घरी बायकोवर तरी विश्वास ठेवता का हो?"

"तिनं कधी हिरवा मेसेज पाठवला नाही ताई, म्हणून ठेवतो."

पावती तुम्हीच का निवडत नाही, असं मी एकदा विचारलं. ते स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, "आपण निवडलं की सापडणारंच निवडतो…"

ते आजारी रजेवर गेले, त्याच सुमारास कंपनीची नवी शेड सुरू झाली आणि शनिवारचं काम मागे पडलं. ते गेल्यावर मॅनेजर म्हणाले, "अहो, रोज रिपोर्ट येतोय ना? मग आता बंदच करून टाकू ते. उगाच दुपार जाते." वाद घालायची ताकद माझ्यात नव्हती. फक्त एक शनिवार मागून घेतला. प्रत उभी केली, ताईंना फोन लावला. त्यांनी नव्या शेडमधली एक पावती सांगितली. सापडली नाही. दुसरी सांगितली, तीही नाही.

नव्या शेडसाठी वेगळा डेटाबेस उघडला होता आणि बॅकअपमध्ये तो कुणी घातलाच नव्हता. हिरवा संदेश खोटा नव्हता. जेवढं सांगितलं होतं, तेवढ्याची प्रत तो इमानाने घेत होता. मधल्या काळात सर्व्हर बंद पडला असता, तर त्या शेडमधल्या मालाचा काही पत्ता लागला नसता. दुरुस्ती केली, प्रत पुन्हा उभी केली, दोन्ही पावत्या दिसल्या. मॅनेजर दोन्ही नंबर स्वतः ताडून बघायला आले. "चालू ठेवा," एवढंच म्हणाले. मला काही जिंकल्यासारखं वाटलं नाही. मोरे असते तर हे पहिल्याच शनिवारी सापडलं असतं, हेच मनात घोळत राहिलं.

पुढच्या शनिवारी मी जुनं मशीन सुरू करत होतो, तोच मोरेंच्या टेबलावरचा फोन वाजला. ताईंनीच केला होता.

"काढून ठेवलीय हं पावती, मोरेसाहेब, बघू आज सापडते का…"

आणि त्या थांबल्या. पलीकडे ट्रॉलीची चाकं खडखडत होती. मी मोरेंच्या खुर्चीत बसलो.

"सांगा ताई," मी म्हणालो.

त्यांनी एकेक आकडा सावकाश सांगायला सुरुवात केली.